पहिला नंबर गादीचा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या ऑटो स्टँडवरची गादी मी मोडली. सगळे म्हणतात की कंपनीच्या ॲपनं मोडली. मीही तेच म्हणत आलो, आणि माझं म्हणणं लोकांना पटतं, कारण ऑटो घेण्याआधी मी मास्तर होतो.

गादी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. स्टँडवर ऑटो नंबरनं लागतात. जो आधी आला तो पुढे. पुढच्यानं भाडं घेऊन निघायचं, मागच्यांनी एकेक जागा सरकायचं, परत आलेल्यानं रांगेच्या शेवटी लागायचं. एवढं सगळ्या स्टँडवर असतं. आमच्याकडे त्यावर आणखी एक होतं. एखादा ऑटोवाला आजारी पडून घरी बसला, की त्याच्या ऑटोतली ड्रायव्हरच्या सीटची गादी काढून आणायची आणि चहाच्या टपरीतल्या प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवून रांगेत लावायची. ऑटोसारखाच तिचा नंबर. रांग सरकली की मागच्यानं उतरून स्टूल पुढे ठेवायचं. गादीचा नंबर आला की तिच्या मागचा ऑटो भाडं घेऊन जाणार आणि ते भाडं गादीचं. परत आल्यावर टपरीवाल्या मावशीच्या डब्यात टाकायचं, स्टूल रांगेच्या शेवटी ठेवायचं, संध्याकाळी डबा आजारी माणसाच्या घरी.

सकाळी पहिला नंबर कायम गादीचा. कारण रात्री आम्ही सगळे घरी जातो, गादी टपरीतच झोपते. म्हणजे सकाळी स्टँडवर सगळ्यांच्या आधी तीच हजर. हा हिशोब कोणी लावला माहीत नाही, पण त्यात खोट काढून दाखवा.

मी पहिल्यांदा स्टँडवर गेलो तेव्हा कुणाची तरी गादी लागलेली होती. मी विचारलं, "ही गादी इथं कशाला ठेवली?"

एक जण अगदी गंभीरपणे म्हणाला, "ते गादी नोहे सर, माणूस हाय. मोठे हायेत तुमच्याहून. नमस्कार करा."

मी खरंच हात जोडले. अख्खा स्टँड हसला. मावशीनं चहा आणून दिला आणि म्हणाली, "हसू द्या त्याईले. पयल्या दिवशी समदेच करतात." पुढे मला कळलं की पहिल्या दिवशी नमस्कार करणारा मी एकटाच होतो.

माझ्या घरात कोणी भिक्षुकी केली, कोणी वकिली, वडिलांनी शाळेत शिकवलं. ऑटो चालवणारा पहिला मीच. लग्नकार्यात कुणी विचारलं तर 'ट्रान्सपोर्टमध्ये आहे' असं सांगायचो. त्याआधी मी एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होतो. आज अनुदान येईल, उद्या येईल, या आशेवर केस पांढरे झाले. संस्थाचालक दर पंधरा ऑगस्टला आम्हाला 'आपलं कुटुंब' म्हणायचे. कुटुंबातल्या माणसाला पगार मागायची लाज वाटते, हे त्यांना चांगलं माहीत होतं. शेवटी मी शाळा सोडली आणि जुना ऑटो घेतला.

तो चालवायला मला ज्यानं शिकवलं, त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. तो माझ्याहून वयानं लहान, पण स्टँडवर माझ्याहून फार जुना. मला क्लच सोडायला जमायचं नाही. तो मागच्या सीटवर बसून ओरडायचा, "सर, पोट्ट्यायले छडी मारल्यासारखा क्लच नोका सोडू. हळू सोडा, पायाले विचारून सोडा." त्याच्या ऑटोची गादी हिरव्या रेक्झिनची होती. एका कोपऱ्यात फाटली होती आणि तिथं त्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता.

मग त्याचा मणका गेला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला महिनोन्महिने उठायचं नाही म्हणून सांगितलं. त्याची बायको, आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो, ती हिरवी गादी सायकलच्या कॅरिअरवर बांधून घेऊन आली. स्टुलावर गादी लागली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. पहिल्या आठवड्यात तर गादीच्या मागे नंबर यावा म्हणून दोघं भांडले, इतका तो सगळ्यांचा लाडका.

त्याच सुमारास ॲप आलं.

कंपनीच्या एका माणसानं मला गाठलं, कारण मी शिकलेला होतो. म्हणाला, सर, तुमच्यासारखे पुढे आले की बाकीचे येतील. मी म्हणालो, आमचा नंबर आहे. तो म्हणाला, नंबर राहू द्या, फोन खिशात राहू द्या, कोणाला कळणार आहे? मी घेतलं. कोणाला सांगितलं नाही. आयुष्यभर फारसं बोलायची सवय नसलेल्या माणसाला लपवणं सोपं जातं. त्याला वेगळं काही करावंच लागत नाही.

त्या ॲपमध्ये सकाळी एक गोल दिसायचा. सकाळच्या फेऱ्या जितक्या होतील तितका तो गोल हिरवा भरत जायचा, आणि पूर्ण भरला तर वरचा बोनस. मी मुलांना स्टार देणारा मास्तर. मला वाटायचं, या असल्या गोष्टींना आपण काय भुलणार? भुललो. संध्याकाळी अर्धा रिकामा गोल पाहिला की कुणीतरी माझ्या खिशातून काही काढून घेतल्यासारखं वाटायचं.

शाळेची सवय म्हणून स्टँडवर सगळ्यांच्या आधी मी पोचायचो. म्हणजे रोज पहिला नंबर गादीचा आणि तिच्या मागे मी. रोज पहिलं भाडं गादीसाठी न्यायचं आणि परत येऊन शेवटी लागायचं. तोवर स्टेशनवरून येणारी सकाळची गर्दी ओसरलेली असायची. पावसाळा होता. एका सकाळी मी टपरीतून स्टूल काढलं, गादी ठेवली, आणि खिशातला फोन वाजला. बुकिंग. रस्त्यावर कोणी नव्हतं. मावशी चूल पेटवत पाठमोरी होती. मी स्टूल उचललं आणि रांगेच्या शेवटच्या जागी नेऊन ठेवलं, म्हणजे नंतर येणारे ऑटो तिच्या पुढे लागतील. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, गादीचा नंबर होऊन गेला. आणि मी बुकिंगला निघून गेलो.

मी गादीचे पैसे खाल्ले नाहीत. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा म्हणून दाखवलं आहे की ते आता गुळगुळीत झालं आहे. पैसे खाल्ले नाहीत, नंबर खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ला. मग तो पावसाळाभर रोज. सकाळची गर्दी निघून जायची आणि गादीचा नंबर यायचा तो दुपारच्या सामसुमीत, जेव्हा ऑटोवालेच ऑटोत पाय वर करून झोपलेले असतात.

डबा हलका झाला. मावशीच्या लक्षात आलं असावं, पण ती कोणाला विचारणार? आणि ज्याला विचारायचं तो मी.

मग एक दिवस वहिनी स्टँडवर आली. दुपारची वेळ होती, आम्ही सगळे होतो. तिनं स्टुलावरची गादी उचलली, पदरानं पुसली आणि काखेत घेतली.

"काहून वहिनी? काय झालं?" एकानं विचारलं.

"काई नाई झालं भाऊ. कोनावर राग नाई माहा. तुमच्याबी घरी लेकरं हायेत, तुमी किती दिवस ओढसान? पन अशी रिकामी नोका बसवू गादी. लोकं हसतात."

ती गेली. मग जे झालं ते मला शब्दन्शब्द आठवतं.

"कोण चालवत नाई बे गादी?"

"माह्याकडं काहून पाहून राह्यला? मी तं कालच चालवली."

"मीबी चालवली. मंग डब्बा रिकामा काहून?"

"तुले ठाऊक. तूच तं मांगं म्हणे, रोज रोज कोण चालवीन म्हणून!"

"मी गंमत केली होती लेका!"

"गंमत!"

दोघांची कॉलर धरून झाली. मग सगळ्यात जुना होता तो म्हणाला, "भांडू नोका. सरले इचारा. सर रोज सकाळी पयले येतात. सर, सकाळचा नंबर गादीचा चालते ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "चालते ना. रोज चालते."

तेवढंच. दोन छोटी वाक्यं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणून त्यांना एकमेकांवर ठेवता आला नाही. सर खोटं बोलणार नाहीत, म्हणजे दुसरं कोणीतरी खोटं बोलतंय. त्या दिवसापासून प्रत्येकाला वाटू लागलं की आपण एकटेच वेड्यासारखे नंबर पाळतो. आणि एकदा असं वाटलं की नंबर कोण पाळतं? महिन्याभरात एकेकानं ॲप घेतलं. रांग संपली. कडुलिंबाच्या सावलीत, जिथं आमचे ऑटो लागायचे तिथं, बँकेत आलेल्या लोकांच्या मोटरसायकली लागू लागल्या. वहिनी नवऱ्याला घेऊन माहेरी, धामणगाव रेल्वे या गावी, गेली. त्याचा ऑटो विकला गेला. हिरवी गादी त्यासोबत गेली की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

पुढचं सगळीकडे झालं तसंच आमच्याकडे झालं. आधी बोनस गेला, मग दर उतरले, कंपनीचा वाटा चढला. एकाची आई दवाखान्यात होती म्हणून त्यानं ओळीनं बुकिंग नाकारली, तर त्याचं खातं बंद. तो कंपनीचं ऑफिस शोधत अकोलाभर फिरला. संध्याकाळी टपरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "भांडाव कोणाशी? लाथ मारायले दार तं पायजे!"

दुसरा म्हणाला, "पार्टनर म्हणते अन् ब्लॉक करते. बायको तरी ब्लॉक करायच्या आधी भांडते बापा."

हसलो आम्ही. बऱ्याच दिवसांनी एका ठिकाणी बसून हसलो. मी तेव्हा म्हणालो, आपण पुन्हा नंबर लावू. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मला माहीत नाही. लोकांनी ते मास्तरचं शहाणपण समजलं. ते शहाणपण नव्हतं. मी मोडलेली वस्तू मला नजरेसमोर बघवत नव्हती, इतकंच.

नंबर पुन्हा लागला. यावेळी आम्ही टपरीतच एक फोन ठेवला. गिऱ्हाईक फोन करतं, मावशी पत्ता सांगते, पहिला नंबर निघतो. फोनचा आणि मावशीचा खर्च सगळे मिळून देतात, बाकी ज्याचं भाडं त्याचं. मधे कोणी नाही. शेजारच्या दोन स्टँडनी आमचं पाहून तसंच केलं. मग आम्ही मिळून सहकारी संस्था काढली. ज्याच्याकडे ऑटो तोच सभासद, प्रत्येकाला एक मत, घरी पाच ऑटो असले तरी एकच. लोक म्हणाले, हे चालणार नाही, माणसं लबाड असतात. मी मनात म्हणायचो, लबाड कोण असतो ते मला विचारा. लबाड माणूस असतो हे खरं, पण म्हणून रीत लबाड ठरत नाही. मी ती मोडली तेव्हाही ती बरोबरच होती.

आणि गादी पुन्हा लागली. आता आमच्यात एक बाई ऑटो चालवते. तिला दिवस गेले तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत चालवला तिनं. मग तिनं स्वतःच गादी आणून मावशीच्या स्टुलावर ठेवली आणि म्हणाली, "दोन जीवांची हाय, नीट उचलजा." त्यावरून आठवडाभर विनोद चालले. रांग सरकली की कोणीतरी ओरडायचं, "हळू बे, गादी गरवार हाय!" ती बाळंत झाली, बाळ सहा महिन्यांचं होईस्तोवर गादी लागणार असं सभेत ठरलं. ज्या बाईला कोणत्याच कंपनीनं, कोणत्याच सरकारी योजनेनं बाळंतपणाची रजा दिली नसती, तिला ती आमच्या मळक्या स्टुलानं दिली.

मग या वर्षी कंपनीनं अमरावतीला बोलावलं. एका हॉटेलातल्या थंडगार हॉलमध्ये आमचे पाच जण, त्यांचे तीन. बोलणारा तरुण होता, गोड होता, पुण्याकडचा होता. म्हणाला, तुमची संस्था आम्हाला फार आवडली. आमच्यासोबत या. तुमच्या सगळ्या ऑटोंना आमची बुकिंग मिळतील, तुमचा नंबरसुद्धा आम्ही ॲपमध्ये बसवून देऊ. फक्त एकच. तो रिकामा स्लॉट काढावा लागेल.

"कोणता रिकामा स्लॉट?" आमच्यातल्या जुन्यानं विचारलं.

"ते... उशीचं म्हणतोय मी. काका, जिथं गाडीच नाही तिला ट्रिप कशी द्यायची? सिस्टिम ते घेणार नाही. आणि कोणी आजारी असेल तर आपण दुसरं काही बघू ना. शेवटी आपण सगळे पार्टनर आहोत."

मी सहसा अशा ठिकाणी बोलत नाही. त्या दिवशी बोललो. मी म्हणालो, "साहेब, पहिली गोष्ट, ती उशी नाही. दुसरी, तो स्लॉट रिकामा नाही, त्यावर एक बाळंतीण बसली आहे. तुम्हाला ती दिसत नसेल तर दोष तुमच्या सिस्टिमच्या डोळ्यांचा. मी एका शाळेत होतो, तिथं मला कुटुंब म्हणायचे. तुम्ही मला पार्टनर म्हणता. स्टँडवर मला कोणी काहीच म्हटलं नाही, सरळ नंबर दिला. आम्ही तुमच्याकडे काही मागायला आलेलो नाही. गादी निघणार नाही."

आमचा जुना उठून उभा राहिला. "पार्टनर हावो ना आमी? मंग तुमच्या पार्टनरले चहा पाजला तुमी, आता आमी निघतो. स्टँडवर नंबर लावायची वेळ झाली आमची."

बाहेर आल्यावर सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. "सर, आज तं तुमी मैदानच मारलं!" अकोल्याच्या गाडीत ते सारखं तेच पुन्हा पुन्हा सांगत होते, एकमेकांच्या नकला करत होते. मी खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत बसलो. खोटं एकही अक्षर बोललो नव्हतो. आणि तरी हॉलमधलं माझं प्रत्येक वाक्य ज्याच्या जिवावर उभं होतं, तो हिरव्या गादीचा माणूस तिथं नव्हता.

पुढच्या रविवारी मी एकटाच धामणगावला गेलो. स्टेशनजवळ त्याच्या मेव्हण्याचं सायकल-पंक्चरचं दुकान आहे, तो तिथं बसतो. कमरेला पट्टा बांधलेला, पण हात चांगले चालतात. मला बघून त्यानं ट्यूब पाण्यात तशीच सोडून दिली. "सर! तुमी? इकडं कसे?" त्यानं मेव्हण्याला भज्यांना पिटाळलं. आम्ही बराच वेळ बोललो. त्यानं संस्थेचं सगळं ऐकलं होतं, बाळंतिणीचंही. आनंद झाला होता त्याला, खरा आनंद. मग म्हणाला, "सर, तवा काय झालं होतं बापा? समदे इतके चांगले होते. गादी काहून बंद पाडली लोकायनं? मले अजून समजलं नाई. माहं काही चुकलं होतं काय?"

त्याला इतकी वर्षं वाटत होतं की चूक त्याची होती.

मी तोंड उघडलं, तोच मेव्हण्यानं आणलेली भजी ताटात घालून वहिनी मागच्या घरातून आली. ज्या स्टुलावर तिनं ताट ठेवलं, त्याच्या शेजारी, तो बसायचा त्या फळीवर, पाठीला टेकण म्हणून ती हिरवी गादी होती. ट्यूबचा तुकडा अजून चिकटलेला. मी भजी खाल्ली. "विचारून बघतो," असं काहीतरी म्हणालो. आणि गाडी आली म्हणून निघून आलो.

म्हणून हे लिहिलं. येत्या सभेत हे लोक मला अध्यक्ष करायला निघाले आहेत. त्याआधी मी हा कागद सगळ्यांसमोर वाचणार आहे, आणि मग धामणगावला जाऊन त्याच्यासमोर वाचणार आहे. काढायचं तर मला काढा, मी शेवटी लागेन. पण माझ्यामुळे कोणी गादीला बोल लावला तर मी तिथंच भांडेन. चोरी करणाऱ्याला भांडायचा हक्क नाही असं मला फार वर्षं वाटायचं. कंपनीला तेच हवं असतं. आपली लाज तिच्या कामी येते. माझी लाज आता मी तिला देणार नाही.

त्या पावसाळ्यातल्या प्रत्येक सकाळचा पहिला नंबर मी त्याला देणं लागतो. आणि 'चूक तुझी नव्हती' हे एक वाक्य, त्याच्या तोंडावर, वहिनीच्या देखत.